“आणि इतर भारतीय सैनिक” : युद्धस्मारक वाचायचे कसे

माझ्या आज्जीच्या माहेरी, चंदगडच्या बाजूच्या एका खेड्यात, देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक जड काशाची चकती उभी करून ठेवलेली असे. ती पसरलेल्या तळहातापेक्षा थोडी मोठी होती. तिच्यावर उभी असलेली बाई हातात त्रिशूळ घेऊन होती आणि तिच्या पायाशी सिंह होता, त्यामुळे घरात ती देवीच मानली जाई. दसऱ्याला टाकांबरोबर तीही चिंचेने घासली जाई, तिला हळदकुंकू लागे आणि झेंडूचे फूल वाहिले जाई. कडेने इंग्रजी अक्षरे होती, पण ती वाचणारे त्या घरात कोणी नव्हते. आज्जीला एवढेच ठाऊक होते की तिचा चुलता “बसऱ्याला गेला” तो परत आला नाही, आणि त्यानंतर काही वर्षांनी सरकारने ही चकती पाठवली.

ती देवी नव्हती, ब्रिटानिया होती, म्हणजे इंग्रजांनी आपल्या राष्ट्राला दिलेले स्त्रीरूप. पहिल्या महायुद्धात साम्राज्याच्या सेवेत मरण पावलेल्या प्रत्येकाच्या जवळच्या नातेवाइकाला अशी सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची चकती देण्याचे ब्रिटिश सरकारने ठरवले आणि अशा साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या पाडल्या गेल्या. कडेच्या मजकुराचा अर्थ “हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला” असा आहे. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी, हा प्रश्न पारतंत्र्यातल्या घराच्या देव्हाऱ्यात ती चकती पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही. तिच्यावर एका लहान चौकटीत मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. हुद्दा, पलटण आणि नंबर मात्र नसतात, कारण मरणात सगळे समान, असे त्यामागचे तत्त्व होते. तत्त्व चांगलेच होते. मात्र त्यामुळे आज्जीच्या माहेरच्यांना आपला माणूस कोणत्या पलटणीत होता आणि कुठे पडला, हे त्या चकतीवरून कधीच कळू शकले नाही. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ब्रिटानियाचे नाक सपाट झाले आणि नावाची अक्षरेही झिजत गेली.

बेळगावात वाढलेल्या माणसाला फौजेचे स्मारक नवे नसते. कॅम्पातून येताजाता पलटणीचे बँड ऐकू येतात, भरतीच्या दिवशी गावोगावची पोरे पहाटेपासून रांगा लावतात, आणि खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात निवृत्त सुभेदार नसलेले गाव शोधावे लागेल. तरीही ‘त्या’ युद्धाचे स्मारक पाहायला जाताना आपण नेमके काय पाहतो आहोत, हे फार थोड्यांना सांगता येते. ते समजण्यासाठी तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. आपली माणसे इतक्या दूर का गेली, तिथे त्यांचे काय झाले आणि त्यांच्या नावांचे पुढे काय केले गेले. यातली तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते, आणि मला सर्वांत जास्त तीच बोचते.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि त्या केंद्रातल्या युद्धस्मारकाला शरकतचे नाव आहे. शरकत हे इराकमधले तैग्रिस नदीकाठचे गाव आहे. १९१८ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस, तुर्कांशी शस्त्रसंधी होण्याच्या अगदी तोंडावर, तिथे मोठी लढाई झाली. तीत ११४ व्या मराठा पलटणीने जी झुंज दिली तिच्यासाठी त्या एका पलटणीला शौर्यपदके मोठ्या संख्येने मिळाली. ३० ऑक्टोबरला तिथल्या तुर्की सेनेने शरणागती पत्करली आणि त्याच दिवशी मुद्रोस येथे शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. म्हणजे युद्ध संपायला काही तास उरले असताना या भागातली माणसे तिथे मरत होती, हे त्या स्मारकापुढे उभे राहताना लक्षात ठेवावे. पुढे १९२२ मध्ये सैन्याची फेररचना झाली, तेव्हा वेगवेगळ्या क्रमांकांच्या मराठा पलटणी एकत्र करून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री ही एकच रेजिमेंट बनवण्यात आली, आणि ११४ वी पलटण तिची प्रशिक्षण पलटण झाली. प्रशिक्षणाचे ठाणे बेळगाव ठरले. इराकमधल्या एका गावाचे नाव बेळगावात का ऐकू येते, याचे उत्तर या एवढ्या इतिहासात आहे.

क्रमांकांचा हा फेरफार स्मारके वाचणाऱ्याला माहीत असलाच पाहिजे, नाहीतर घोटाळा होतो. १९१४ ते १९१८ या काळातल्या नोंदींत १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे तीन आकडी क्रमांक दिसतात. यातली १०३ वी म्हणजे १७६८ मध्ये मुंबई बेटाच्या रक्षणासाठी उभी राहिलेली, आज ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाणारी सर्वांत जुनी पलटण. १९२२ नंतर हीच ५ व्या मराठ्यांची पहिली पलटण झाली, १०५ वी दुसरी झाली, ११० वी तिसरी झाली. दगडावर किंवा पदकाच्या कडेवर तीन आकडी क्रमांक दिसला, तर तो माणूस पहिल्या महायुद्धातला आहे, असे बहुतेक वेळा निःशंकपणे समजावे.

आता बसऱ्याकडे वळतो. तेव्हाच्या इराकला इंग्रज मेसोपोटेमिया म्हणत आणि आपल्याकडच्या घराघरांत त्या सगळ्या मुलखाचे नाव ‘बसरा’ एवढेच होते, कारण पलटणी त्या बंदरात उतरत. तो प्रदेश उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात होता. शेजारच्या इराणमध्ये आबादान येथे इंग्रजी कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता, ब्रिटिश नौदल कोळशावरून तेलाकडे वळत होते आणि १९१४ मध्येच ब्रिटिश सरकारने त्या कंपनीत निम्म्याहून अधिक वाटा विकत घेतला होता. तुर्क जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरताच तेल आणि इराणच्या आखातावरचा ताबा राखण्यासाठी हिंदुस्थानातून फौज पाठवण्यात आली. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची पहिली तुकडी ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाव येथे उतरली आणि २२ नोव्हेंबरला बसरा हातात आला. ११७ वी मराठा पलटण त्या पहिल्या तुकडीतच होती.

आपली माणसे फौजेत का गेली, याचे एकच उत्तर नाही. घराण्याची परंपरा होती आणि पलटणीचा मानही होता, पण १८९६ पासूनचा प्लेग आणि १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ सोसलेल्या पिढीची मुले तेव्हा वयात आली होती. शिपायाला महिन्याला ११ रुपये पगार मिळे. कोरडवाहू जमिनीच्या लहान तुकड्यावर भागत नसलेल्या घरात महिन्याला ठरलेल्या दिवशी येणारा हा पैसा फार मोठी गोष्ट होती. पुढे युद्ध लांबले तेव्हा भरतीसाठी सरकारी यंत्रणेचा आणि संस्थानांचाही जोर लागला. या माणसांना भाडोत्री म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते, आणि ती स्वातंत्र्याच्या लढ्यात पडली, असे म्हणणे खरे नाही. ती परक्या सत्तेच्या सैन्यात, परक्या मुलखात, त्या सत्तेच्या कामासाठी मेली. त्यांचे धैर्य आणि मैत्री मात्र सर्वस्वी त्यांची स्वतःची होती.

१९१५ मध्ये जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली सहावी डिव्हिजन तैग्रिसच्या काठाने वर सरकत गेली. सप्टेंबरच्या अखेरीस तिने कूत-अल-अमारा घेतले आणि नोव्हेंबरमध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे ती तुर्कांच्या भक्कम खंदकांवर जाऊन आदळली. तिथे एवढी हानी झाली की माघार घ्यावी लागली. ही सारी मोहीम हिंदुस्थान सरकार चालवत होते आणि ती काटकसरीने चालवत होते. नदीवरच्या बोटी अपुऱ्या होत्या, डॉक्टर आणि औषधे अपुरी होती, आणि जखमींना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांत घालून खडबडीत वाटेने नदीपर्यंत न्यावे लागले. मोडलेले हाड घेऊन अशा गाडीत तासन्‌तास पडून राहणे म्हणजे काय, याची कल्पना बैलगाडीतून खडीच्या रस्त्याने गेलेल्या माणसाला करता येईल. या हेळसांडीचा पुढे इंग्लंडमध्ये मोठा बोभाटा झाला, चौकशी आयोग बसला, आणि १९१७ मध्ये त्याच्या अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

माघार घेत डिव्हिजन कूतला थांबली. तिथे तैग्रिसने घातलेल्या वळशात, तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला तुर्क अशा अवस्थेत, ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला. आत अडकलेल्यांत तीन मराठा पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. वेढा १४७ दिवस चालला. टाउनशेंड यांनी सुरुवातीला आपल्याकडचे धान्य कमी असल्याचे कळवले, त्यामुळे बाहेरची मदत फौज पुरेशी जमवाजमव होण्याआधीच घाईने पुढे ढकलली गेली. नंतर शहरातल्या घरांची झडती घेतल्यावर बराच साठा सापडला. त्या मदत फौजेची चिखलात आणि पुराच्या पाण्यात एकामागून एक हल्ले करताना सुमारे २३,००० माणसे मृत, जखमी किंवा बेपत्ता झाली. सुटका करायची होती ती त्याहून कमी माणसांची.

आतली स्थिती सांगताना बहुतेक इंग्रजी लेखक तोफा आणि डावपेच यांवर भर देतात. मला तिथली भाकरी जास्त महत्त्वाची वाटते. गव्हाचे पीठ संपत आले तेव्हा सातूचे पीठ वाटले जाऊ लागले आणि त्याचेही माप आठवड्यागणिक घटत गेले. ओझ्याची आणि घोडदळाची जनावरे मारून त्यांचे मांस शिजवायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी बराच काळ नाकारले. ‘हट्ट’ या एका शब्दात त्याची बोळवण करणारे अनेक आहेत, परंतु यामागे गावाचा धाक होता. घोड्याचे मांस खाल्ल्याची बातमी गावी पोहोचली तर पंगतीत कोणी बसू देणार नाही, मुलीला कोणी करणार नाही, ही भीती त्या चिखलातही माणसाबरोबर होती. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांची संमती बिनतारी संदेशाने मागवण्यात आली, तरी अनेकांनी उपासाने शरीर पार खंगल्यावरच, एप्रिलमध्ये, ते मांस तोंडात घातले. भाजी नाही आणि मांस नाही, अशा आहाराने हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग हिंदी शिपायांत पसरला. जखमा भरेनात. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली गेली. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न पोहोचवण्याचा हा जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. मात्र विमाने थोडी होती, ती फार वजन उचलू शकत नव्हती, आणि काही पोती नदीत पडली.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बऱ्याच आरामात ठेवले गेले; शिपायांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेले गेले आणि पुष्कळांना बगदादच्या रेल्वेमार्गावर मजुरीला लावले गेले. त्या चालीत आणि त्या मजुरीत हजारो मरण पावले.

हिंदू शिपाई मेला की शक्य तेव्हा त्याचे दहन होई, म्हणजे कबर उरत नाही. मुसलमान शिपायांच्या कबरी होत्या, पण युद्धाच्या धामधुमीत त्यांच्याही नोंदी नीट राहिल्या नाहीत. इराकमध्येच अमारा येथे हिंदी सैनिकांची एक स्वतंत्र स्मशानभूमी आहे. तिथे सुमारे ५,००० जणांचे स्मरण केले आहे आणि त्यांपैकी फक्त ९ जणांची ओळख पटलेली आहे. ज्यांना कबर नाही अशांसाठी नाव कोरलेली भिंत हा एकच आधार असतो, आणि म्हणून कबरस्तान व स्मारक यांतला फरक समजून घ्यावा लागतो. कबरस्तानात देहाची जागा असते, स्मारकावर फक्त नाव असते. नावही नसेल, तर मग काहीच उरत नाही.

२१ मे १९१७ रोजी ब्रिटिश साम्राज्याने युद्धमृतांच्या स्मरणासाठी एक आयोग स्थापन केला, आजचे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. त्याचे मूळ तत्त्व त्या काळाच्या मानाने फार पुढचे होते. लॉर्ड असो की साधा शिपाई, प्रत्येकाचे नाव वेगळे कोरले जाईल आणि हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद केला जाणार नाही, असे ते तत्त्व. फ्रान्समध्ये ते पाळले गेले. तिथल्या नव्ह-शापेल येथे १९२७ मध्ये उघडलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवरही १३,००० हून अधिक नावे आहेत. परंतु युरोपीय पर्यटक जिथे फारसे जाणार नव्हते तिथे, म्हणजे इराकमध्ये आणि पूर्व आफ्रिकेत, हे तत्त्व गुंडाळून ठेवले गेले.

बसऱ्याचे स्मारक २७ मार्च १९२९ रोजी उघडले. त्यावर ४०,००० हून अधिक मृतांचे स्मरण आहे आणि त्यांत बहुसंख्य हिंदी आहेत. गोऱ्या शिपायांची नावे त्यावर एकेक करून कोरली आहेत. हिंदी पलटणींपुढे मात्र सुभेदार, जमादार अशा हिंदी अधिकाऱ्यांची नावे दिली आहेत आणि त्याखाली, या अर्थाचे, “आणि इतके इतर भारतीय सैनिक” असे लिहून आकडा टाकला आहे. नाईक, हवालदार, शिपाई हे सगळे त्या आकड्यात गेले. आकडा बरोबर आहे, म्हणजे मोजणी झाली होती. मोजणी झाली, म्हणजे याद्या होत्या. आणि याद्यांत नावे होती. छापील नोंदवहीत ती पुढे लिहिलीही गेली. दगडावर तेवढी कोरली नाहीत, कारण या शिपायांच्या घरचे कोणी इतक्या लांब ती वाचायला येणार नाही आणि त्यांच्या लोकांना नावाचे फारसे महत्त्वही नाही, असे ठरवणाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते.

नावाचे महत्त्व नाही, हे त्यांनी कोणाबद्दल ठरवले ? पत्रिकेत, सातबाऱ्यावर, मंदिराच्या पायरीवर, देणगीदारांच्या फरशीवर बापाचे आणि आज्याचे नाव लिहिल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही अशा लोकांबद्दल. शिवाय शिपायांची नावे कोरणे ही त्या सरकारला अपरिचित गोष्टही नव्हती. याच्या शंभर वर्षे आधी, १८१८ च्या लढाईनंतर, भीमा कोरेगावच्या स्तंभावर कंपनी सरकारने साध्या शिपायांची नावे मराठीतूनही कोरून घेतली होती, आणि त्यांतली ‘नाक’ या शेवटाची महार शिपायांची नावे आजही वाचता येतात. पुढे ‘लढाऊ जाती’ नावाच्या खुळचट सिद्धांतापायी १८९० च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट अखेर १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये उभी राहिली ती बेळगावातच, हे आपल्या शहरातल्याही अनेकांना माहीत नसते.

बसऱ्याचे स्मारक आता मूळ जागीही नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने ते बंदराजवळून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे ३२ किलोमीटरवर नेले गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या आयोगाच्याच विशेष समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० हिंदी, आफ्रिकी आणि इतर मृतांचे स्मरण असमान रीतीने केले गेले, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे नावानिशी किंवा मुळीच केले गेले नाही, असे त्या समितीने मान्य केले, आणि त्यामागे वंशभेदाची वृत्ती होती, हेही स्पष्ट शब्दांत लिहिले. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. माफी मागायला ९२ वर्षे लागली, तेवढ्यात त्या शिपायांची नातवंडेही म्हातारी होऊन गेली.

या युद्धाच्या खुणा पाहायला बसऱ्याला जाण्याची गरज नाही. लढाईनंतर सरकारने ज्या गावांतून बरीच माणसे गेली त्यांपैकी अनेक गावांत संगमरवराची लहान पाटी बसवली. “या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले” अशा अर्थाचा तिच्यावरचा मजकूर सगळीकडे सारखा आणि फक्त आकडा वेगळा असतो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण त्या युद्धात पडले, आणि त्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. अशी पाटी चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत असते. कधी रंगाच्या चार थरांखाली अक्षरे बुजलेली असतात. ती सापडली तर खरवडू नये. ओला कपडा फिरवून, उजेड तिरपा पडेल अशा वेळी, म्हणजे सकाळी किंवा उन्हे कलल्यावर पाहिली की बुजलेली अक्षरेही वाचता येतात.

गावच्या मारुतीच्या देवळाजवळ वीरगळ असेल, तर तोही त्याच फेरीत पाहावा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा त्याचा क्रम असतो. कर्नाटकाच्या बाजूला अनेक वीरगळांवर वीराचे नाव आणि लढाईचे कारण जुन्या कन्नडमध्ये कोरलेले सापडते, महाराष्ट्राच्या बाजूला बहुतेक वीरगळ अक्षरांवाचून असतात. आपल्या सीमाभागात दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. गुरे सोडवताना मेलेल्या साध्या माणसासाठीही आपल्या लोकांनी दगड उभा केला आणि त्याला तेल घालत राहिले.

याच जिल्ह्यात दुसऱ्या बाजूचे स्मारकही आहे. १८२४ मध्ये राणी चन्नम्मांच्या कित्तूरने कंपनीशी लढाई केली. २३ ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे तिथे मारला गेला. त्याचे स्मारक धारवाडात झाले. राणीचा सरदार संगोळी रायण्णा पुढेही कंपनीशी लढला आणि २६ जानेवारी १८३१ रोजी खानापूर तालुक्यातल्या नंदगड येथे त्याला फाशी देण्यात आले. त्याच्या समाधीवरच्या वडाला लोक मूल व्हावे म्हणून पाळणे बांधतात. कन्नड आणि मराठी दोन्ही घरांतली माणसे तिथे जातात. कित्तूरवर चालून आलेल्या कंपनीच्या फौजेतही हिंदी शिपाईच होते. म्हणून माझी अशी विनंती आहे की बेळगावचे स्मारक पाहणाऱ्याने नंदगडलाही जावे, जमल्यास त्याच आठवड्यात. साम्राज्याविरुद्ध मेलेला आणि साम्राज्यासाठी मेलेला, दोघेही याच मातीतले, हे पुस्तकात वाचून जेवढे कळत नाही तेवढे या दोन ठिकाणी उभे राहिल्यावर कळते.

मराठा केंद्र हे लष्करी आवार आहे, त्यामुळे आत जाण्यासाठी आधी परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये. घरातला किंवा गावातला एखादा निवृत्त फौजी बरोबर असेल, तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात आणि दगडावरच्या संक्षिप्त अक्षरांचा अर्थही तो सांगतो.

आपल्या घरच्या माणसाचा शोध घ्यायचा असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, पलटण आणि मृत्यूचे वर्ष टाकून शोधता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. अडचण स्पेलिंगची येते. इंग्रज कारकुनाने कानाला पडले तसे लिहिले आहे, त्यामुळे पवार, पोवार, जाधव, जाधो, शिंदे, सिंदे असे सगळे प्रकार करून पाहावे लागतात. गावांची नावे तर याहून वाकडी झालेली असतात, म्हणून आधी तालुका आणि जिल्हा यांवरून चाळावे. जिल्हा मात्र तेव्हाचा धरावा. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेले चंदगडही १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होते. मी पहिली दोन वर्षे आज्जीच्या चुलत्याला कोल्हापूरकरांत शोधत होतो. घरात चकतीऐवजी पदक असेल, तर त्याची कड भिंगाखाली पाहावी, कारण त्या काळच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते, आणि एकदा नंबर मिळाला की स्पेलिंगची भानगड संपते.

आमचा माणूस बेळगाव जिल्ह्याच्या नावाखाली सापडला. पलटण कूतच्या वेढ्यात अडकलेल्या तिघींपैकी एक, स्मारक बसऱ्याचे, आणि मृत्यूची तारीख १९१६ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली. बापाचे नाव बरोबर होते. गावाचे नाव मोठ्याने वाचल्यावरच ओळखू आले. मी तो कागद छापून घेऊन गेलो तेव्हा मामांनी तो दोनदा वाचायला लावला. मग त्यांनी तारीख विचारली, आणि ती कशासाठी, हे मला लगेच कळले नाही. मृत्यूची तिथी ठाऊक नसल्यामुळे शंभर वर्षे त्या घरात त्याचे पान सर्वपित्री अमावास्येला, तिथी नसलेल्यांच्या बरोबर वाढले जात होते. गावातल्या भटजींनी जुन्या पंचांगावरून तिथी काढून दिली, चैत्र वद्य पक्षातली. मामांनी ती कागदाच्या कडेला शाईने लिहिली आणि कागद घडी करून देव्हाऱ्यात त्या चकतीखाली ठेवला.